सुरंगी आणि हिरवे चष्मे : एका शालेय ‘ओझ’चं प्रकरण

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावरची एक मराठी माध्यमाची शाळा. डिसेंबर २०२३ चं स्नेहसंमेलन. सातवीच्या वर्गाने नाटक करायचं, ते पंचवीस मिनिटांत आटपायचं, कारण पुढे-मागे रेकॉर्ड डान्स आहेत. वर्गातली सगळीच्या सगळी बेचाळीस मुलं स्टेजवर दिसली पाहिजेत, नाहीतर पालक दुसऱ्या दिवशी ऑफिसात येतात. आणि ‘दरवर्षीचं नको, काहीतरी वेगळं करा.’ मुख्याध्यापकबाईंच्या अटी या एवढ्या. मराठीच्या सरांनी गोष्ट निवडली ती एल. फ्रँक बॉम यांची, १९०० साली अमेरिकेत पुस्तकरूपात आलेली, ओझच्या जादूगाराची. वादळात घरासकट उडून गेलेली डॉरथी, तिचा कुत्रा, बुजगावणं, पत्र्याचा माणूस, भित्रा सिंह, आणि शेवटी पडद्यामागे सापडणारा भोंदू जादूगार. बालनाट्याची शिबिरं घेते म्हणून नाटक बसवायला मला बोलावलं गेलं.

सरांची निवड वाटते तितकी हवेतली नव्हती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात जमिनीवर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. घरांचे पत्रे आणि कौलं गेली, शाळांची छपरं गेली, विजेचे खांब आडवे झाले आणि पुढे आठवडेच्या आठवडे अंधार. नारळी-पोफळीच्या वाड्या तर अशा झोपल्या की लोक स्वतःच्या आवारात वाट चुकत होते. श्रीवर्धनी रोठा सुपारी ज्या वाडीत पिकते तिथलं झाड पुन्हा लावलं तरी फळाला यायला पाच-सात वर्षं जातात. नाटक करणारी ही सातवी तेव्हा तिसरीच्या वयाची होती. वादळाने घर उडवून नेण्याची गोष्ट या मुलांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, आणि नेमकी तीच अडचण होती.

सिनेमा की पुस्तक

सरांचा पहिला खर्डा प्रामाणिक होता. कॅन्ससच्या जागी कोकण, डॉरथीच्या जागी सुरंगी, टोटोच्या जागी मोती. बाकी सगळं १९३९ च्या हॉलिवूडपटासारखं, कारण सर आणि मुलं दोघांच्याही डोळ्यासमोर तोच सिनेमा होता. लाल चमकते बूट, हिरवीगार झगमगती नगरी, आणि शेवटी सुरंगी डोळे चोळत जागी होते : अगं बाई, स्वप्नच होतं!

नावं बदलणं म्हणजे नवी कल्पना करणं नव्हे, हे माझं जुनं भांडण आहे. शाळाशाळांतून सिंड्रेलाला नऊवारी नेसवून ‘आपल्या मातीतलं नाटक’ म्हणून सादर केलं जातं. कापड बदलतं, गोष्ट होती तिथेच राहते. म्हणून आधी मूळ पुस्तक वर्गात वाचायचं ठरवलं. सर रोज एक-दोन प्रकरणं मराठीत तोंडी सांगत गेले आणि मुलांनी सिनेमाशी फरक लिहून काढायचे, असं काम दिलं.

यादी लांबलचक झाली. त्यातल्या तीन गोष्टींवर पुढचं नाटक उभं राहिलं. एक, पुस्तकातले बूट चांदीचे आहेत. लाल माणकांचे झाले ते सिनेमात, रंगीत पडद्यावर उठून दिसावेत म्हणून. दोन, पुस्तकातली हिरवी नगरी मुळात तितकी हिरवी नाहीच. वेशीवरचा रखवालदार आत येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवतो आणि त्याला कुलूप घालतो, म्हणून सगळं हिरवं दिसतं. तीन, आणि हे ऐकून वर्ग एकदम गप्प झाला : पुस्तकात ते स्वप्न नाही. वादळ खरं, प्रवास खरा. डॉरथी परत येते तेव्हा जुनं घर गेलेलंच असतं आणि काकांनी तिथे नवं घर बांधलेलं असतं.

यात हक्कांचा प्रश्नही परस्पर सुटला. बॉम १९१९ साली गेले, त्यामुळे पुस्तक केव्हाच सर्वांसाठी खुलं झालं आहे. सिनेमातली गाणी, ते लाल बूट वगैरेंची गोष्ट वेगळी. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात शाळेच्या कार्यक्रमांना सवलत आहे खरी, पण प्रेक्षक म्हणजे शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेशी संबंधित माणसं एवढेच असले तर. गावच्या मैदानावरच्या गॅदरिंगला अख्खी आळी लोटते. ते सिनेमातलं गाणं संगीताच्या बाईंनी पेनड्राइव्हवर आणलं होतं, ते तिथल्या तिथे बाद झालं.

पुस्तकाशी इमान राखा, असंही मी म्हणत नाही. बॉमच्याच गोष्टीवर १९०२ साली शिकागोत संगीतिका आली, तेव्हा टोटो कुत्र्याला काढून त्याच्या जागी चक्क एक गाय घेतली होती. मुलांना हे इतकं आवडलं की मोतीची गाय करावी असा प्रस्ताव आला. गाय दोन मुलांची होते, म्हणजे आणखी एक मूल सामावलं जातं, हा त्यामागचा व्यवहारी विचार मला पटला होता; पण मोतीला शेवटी एक महत्त्वाचं काम करायचं होतं आणि ते गाईला जमलं नसतं.

पत्रा

वादळाचा प्रवेश बसवताना गाडी अडली. जुन्या नाटकवाल्यांची युक्ती म्हणजे विंगेत लांब पत्रा टांगायचा आणि खालून धरून हलवायचा. ढगांचा गडगडाट हुबेहूब उठतो. शाळेच्या मागे निसर्गच्या वेळचे वाकलेले पत्रे अजून रचून ठेवलेले होते. चित्रकलेच्या सरांनी एक बरा बघून दोरीने टांगला, दोन मुलांनी हलवला, आणि आवाज असा झाला की तालमीतली सगळी मुलं हसत सुटली.

सगळी नाही. खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी उठली, दप्तर बाकावरच ठेवून बाहेर गेली आणि व्हरांड्याच्या टोकाला नळाशी जाऊन उभी राहिली. नळ सोडला होता, हात धूत होती, बराच वेळ धूत होती. मैत्रीण मागे गेली तर म्हणाली, ‘झालं का त्यांचं?’ एवढंच. तिच्या घराचे पत्रे त्या दिवशी एकामागून एक सुटले होते आणि घरातली माणसं मधल्या खोलीत पलंगाखाली होती, हे वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊक होतं. आम्हाला नव्हतं.

मुख्याध्यापकबाईंनी त्याच संध्याकाळी प्रश्न टाकला : हे नाटक करायचंच का? मुलांना पुन्हा ते आठवायला लावायचा आपल्याला काय अधिकार? प्रश्न रास्त होता. दोन दिवसांनी पालकसभा होती, तिथे बाईंनी तो तसाच मांडला. बरीच चुळबुळ झाली. एका मुलाची आजी आली होती, ती म्हणाली, ‘आठवायला लावायचं म्हणजे काय बाई? विसरलंय कोण?’ त्यावर चर्चा थांबली नाही, पण तिची दिशा बदलली. नाटक करायचं की नाही यावरून ती वादळ कसं दाखवायचं यावर आली.

दोन गोष्टी ठरल्या. पत्रा वाजणार नाही, तालमीतही नाही. आणि ज्याला वादळाच्या प्रवेशात राहायचं नसेल त्याने कारण न सांगता दुसऱ्या प्रवेशात जायचं. नळाशी गेलेली मुलगी रखवालदार झाली, म्हणजे नाटकातल्या सर्वांत विनोदी भूमिकेत.

आवाजाविना वादळ कसं करायचं याचं उत्तर पुन्हा पुस्तकातच होतं. बॉमचं वादळ आतून शांत आहे. घर वर उचललं जातं, बाहेर वारा किंचाळतो, पण आत डॉरथीला पाळण्यातल्या बाळासारखे हलके झोके बसत असतात आणि शेवटी तिला झोप लागते. मग आम्ही घर असं केलं : चार बांबू, वर एक जुनी चादर, आठ मुलं ते धरून उभी. सुरंगी आणि मोती मधोमध, जागचे हलत नाहीत. घर त्यांच्याभोवती फिरू लागतं, आधी सावकाश, मग वेगाने. बाहेर दहा-बारा मुलं तळहात घासतात, चुटक्या वाजवतात, मांड्यांवर थापा देतात आणि तोंडाने एका सुरात अंगाई गुणगुणतात. अंगाई मुलांच्या घरातलीच, आजीने सांगितलेली. वेग वाढतो तसा थापांचा आवाज वाढतो, पण अंगाईची लय बदलत नाही. या विरोधाने जे साधलं ते पत्र्याने साधलं नसतं, असं माझं मत आहे; चित्रकलेच्या सरांचं अजूनही नाही.

टांगलेला पत्रा मात्र वाया गेला नाही. पत्र्याचा माणूस त्यातूनच सुचला. पुस्तकात तो मूळचा हाडामांसाचा लाकूडतोड्या असतो. शापित कुऱ्हाडीने एकेक अवयव तुटत जातो आणि लोहार तिथे पत्रा बसवत जातो. आमच्याकडे तो गावभरच्या छपरांतून उडालेल्या पत्र्यांचा बनला. प्रत्येक अवयवाला स्वतःचं घर आठवतं : ‘हा दंड देवळामागच्या घराचा, ही छाती रेशन दुकानाची.’ खाऱ्या हवेत गंजून अडकून बसलेला, सुरंगी त्याला खोबरेल लावते तेव्हा सुटतो. पोशाख अर्थात पुठ्ठा आणि चंदेरी कागदाचा; खऱ्या पत्र्याच्या कडा मुलांच्या अंगावर घालायच्या नसतात. सिंहाचा बिबट्या झाला, कारण फणसाडच्या जंगलामुळे त्याचा धाक सगळ्यांना माहीत आहे आणि घाबरणारा बिबट्या म्हटल्यावर पहिलीची मुलंही हसतात.

चष्मे

नाटकाचा जीव इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

वाड्या पडलेल्या गावात ‘हिरवी नगरी’ म्हणजे काय असेल? एका मुलाने सांगितलं, ‘जिथं पोफळी अजून उभ्या आहेत.’ दुसरा म्हणाला, ‘उभ्या आहेत असं वाटतं.’ तिथून पुढचं सगळं आपोआप जुळलं. जादूगाराच्या नगरीत चष्मा लावला की पडलेली झाडं दिसत नाहीत. सगळे खूश. कुणी झाड लावत नाही, कारण पडलंय कुठे?

हे फक्त संवादात सांगून भागणार नव्हतं. प्रेक्षकांना दिसायला हवं होतं, आणि खर्च करायला पैसे नव्हते. विज्ञानाच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हिरव्या काचेतून लाल प्रकाश पलीकडे जात नाही, म्हणून लाल वस्तू काळी दिसते. आठवीच्या प्रयोगवहीत आहे की. मग काळ्या कापडाच्या पडद्यावर उभी झाडं हिरव्या कागदाची आणि आडवी पडलेली झाडं लाल कागदाची चिकटवली. उघड्या डोळ्यांना लाल खोडं भडक दिसतात, जखमांसारखी. चष्मा लावला की ती काळ्या पडद्यात विरघळतात आणि मागे उरते फक्त हिरवी, ताठ वाडी.

कागदावर हे जितकं सोपं, तितकं प्रत्यक्षात नव्हतं. स्टेशनरीच्या दुकानातला हिरवा जिलेटिन पेपर एकपदरी लावला तर लाल रंग पुसट तपकिरी होऊन दिसतच राहतो. दोन पदर लावल्यावर गेला. घोटीव कागद वापरला तर हॅलोजनच्या उजेडात तो चकाकतो, आणि चकाकी चष्म्यातूनही दिसते. झाड गायब होतं पण त्याची किनार लकाकत राहते. क्रेप पेपर आणल्यावर तीही गेली. लालही नेमका लाल हवा. केशरीकडे झुकणारा एक ताव होता, तो चष्म्यातून मातकट हिरवा होऊन ढिम्म बसून राहिला. विज्ञानाच्या बाई आणि चार मुलं मधल्या सुट्टीत तुकडे तपासत बसायची, आणि माझ्या मते या प्रकल्पातलं सर्वांत चांगलं शिक्षण त्या कोपऱ्यात झालं.

चौकटी जुन्या लग्नपत्रिकांच्या. घराघरातून त्या गठ्ठ्याने आल्या, कार्यानुभवाच्या तासाला पाचवीपासूनच्या सगळ्या वर्गांनी कापल्या. त्यामुळे प्रेक्षकांत बसलेल्या बहुतेक घरांतलं एखादं मूल नाटकाचं कारागीर होतं. एका चष्म्याच्या दांडीवर गणपती, दुसऱ्यावर ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’. रखवालदार मुलगी आणि तिचे चार शिपाई प्रेक्षकांत उतरून ते वाटतात. आत शिरण्यासाठी ती सुरंगीकडे कागद मागते : सातबारा, रेशनकार्ड, पंचनाम्याची प्रत. ‘पंचनामा झालाच नाही’ म्हटल्यावर ती म्हणते, ‘मग वादळ आलंच नाही. चष्मा लाव.’

ही वाक्यं मुलांची, घरात ऐकलेली. मुख्याध्यापकबाईंना थोडी धाकधूक होती, कारण पुढच्या रांगेत पंचायतीची मंडळी बसणार. ‘तलाठ्याची सही’ असा एक उल्लेख होता तो काढला, बाकी ठेवलं. मला तडजोड योग्य वाटली. सही गेल्याने विनोदाचं काही बिघडलं नाही, आणि एका पदावरच्या माणसाला गावासमोर मुलांच्या तोंडून टोमणा मारून घेण्यात नाटकाचं भलं नव्हतं.

साउंडवाला

मैदानावरच्या नाटकात मुलांचे आवाज पोचत नाहीत. एकच माइक हातोहात फिरतो आणि प्रत्येक वाक्याआधी ‘हॅलो’ होतं. आम्ही उलट केलं : हातातला माइक फक्त जादूगाराला, आणि त्यालाही साउंडवाल्याकडून भरपूर एको लावून. बाकीच्यांसाठी पुढे दोन स्टँडचे माइक, आणि महत्त्वाचं वाक्य असलं की मागचा मुलांचा ताफा ते एका सुरात पुन्हा म्हणतो. त्या ताफ्यात वीसेक मुलं सामावली. शिवाय तीच घर होतात, वाट होतात, झाडं होतात.

जादूगाराचं प्रचंड डोकं मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यांचं. मागे पडदा. मोती उडी मारून पडदा पाडतो, आणि मागे खुर्चीवर एक किरकोळ पोरगा माइक धरून बसलेला. मोती माइक हिसकावतो, साउंडवाला त्याच क्षणी बटण बंद करतो. मग तो पोरगा स्वतःच्या आवाजात बोलतो आणि तो आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. संहितेत तो वादळात मांडवासकट उडून इथे येऊन पडलेला साउंडवाला आहे. लोकांनी आवाज ऐकला आणि त्याला मोठा माणूस समजले, तो तरी काय करणार?

तालमीत हा पोरगा मुद्दाम मोठ्याने बोलायचा, कारण आवाज पोचला नाही तर ओरडा बसेल असं दरवर्षी शिकवलेलं. हळू बोलण्यासाठीच आपल्याला घेतलंय हे त्याच्या गळी उतरवायला सर्वांत जास्त वेळ गेला.

शेवटावरून वाद

स्वप्नाचा शेवट मुख्याध्यापकबाईंना हवा होता. त्यांचं म्हणणं असं की गॅदरिंग आहे, लहान मुलं बघणार, शेवट गोड झाला पाहिजे. वर्गात मत विचारलं तर बहुतेक मुलं विरोधात. ‘स्वप्न कसं बाई? आमचं घर गेलंच ना.’ पण एक गट म्हणत होता की स्वप्नच ठेवू, एक दिवस तरी. त्या गटाचं म्हणणं मी हलक्यात घेतलं नाही; गोष्टींचा तोही एक उपयोग असतोच.

निर्णय काकांच्या नव्या घराने केला. सुरंगी चांदीच्या वहाणांच्या टाचा तीनदा आपटते, घर फिरतं, ती परत येते. सगळे चष्मे काढतात. ताफा ओरडून प्रेक्षकांनाही काढायला सांगतो. लाल खोडं पुन्हा दिसू लागतात. त्यांच्यासमोर तिचे काका नव्या घराचे बांबू बांधत असतात, छप्पर अजून नाही. सुरंगी विचारते, ‘पाऊस आला तर?’ काका म्हणतात, ‘मग भिजू. धर हे टोक.’ ती बांबूचं टोक धरते. बाईंनी तालीम बघितली आणि गोड शेवटाचा आग्रह सोडला.

प्रयोग

प्रयोग अठ्ठावीस मिनिटं चालला, म्हणजे तीन मिनिटं जास्त, आणि पुढच्या डान्सची मुलं विंगेत कुरकुरत होती. जवळच्या बल्बांच्या माळा मांडववाल्याने बंद केल्या नाहीत, त्यामुळे डावीकडच्या प्रेक्षकांना झाडं नीट गायब झालेली दिसली नाहीत. नंबरचा चष्मा असलेल्यांना वरून पुठ्ठ्याचा चष्मा बसेना. ते हाताने धरून बघत होते. पुढच्या वेळी त्यांच्यासाठी दांडी नसलेली, नुसती धरायची चौकट करायची. लहान मुलांनी चष्मे शेवटपर्यंत काढलेच नाहीत, डान्सही हिरवाच पाहिला.

झाडं पहिल्यांदा नाहीशी झाली तेव्हा मैदानात हसू आणि टाळ्या झाल्या. चष्मे काढायला सांगितले तेव्हा टाळ्या झाल्या नाहीत, कुजबुज झाली. माणसं पडद्याकडे बोट दाखवून शेजाऱ्याशी बोलत होती. ही कुजबुज दोन वाक्यांवर पडली आणि ती वाक्यं कुणाला ऐकू गेली नाहीत. आता संहितेत तिथे थांबा लिहिला आहे.

नाटक पुढे राज्य बालनाट्य स्पर्धेला न्यावं असं सरांच्या मनात आहे. त्यासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागेल, आणि बंद नाट्यगृहात दोनशे प्रेक्षकांना चष्मे कधी, कसे वाटायचे हेही पुन्हा बसवावं लागेल. दरम्यान घाटावरच्या एका शाळेतल्या बाईंनी संहिता मागितली. दिली, आणि सांगितलं की वाडीचा प्रवेश तुमच्या मुलांना दाखवून त्यांना काय वाटतं ते बघा. महिन्याभराने त्यांचा फोन आला. त्यांच्या सातवीने वादळ काढून टाकलं होतं आणि त्याच्या जागी बंद पडलेली एसटी घातली होती. चष्मे मात्र ठेवले होते.